गाडीची बॅटरी येते कुठून आणि शेवटी जाते कुठे?

ऑगस्ट 2025 मध्ये अटल सेतूवर इलेक्ट्रिक गाड्यांना टोल माफ झाला. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गही राज्याच्या याच सवलतीत येतात. हिरव्या नंबरप्लेटच्या गाड्या आता तालुक्याच्या गावातही दिसू लागल्या आहेत. तरी घरात अशी गाडी घ्यायचा विषय निघाला की दोन प्रश्न हमखास येतात. "त्या बॅटरीतला माल सगळा चीनमधूनच येतो ना?" आणि "ती संपली की टाकायची कुठे?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत, आणि ते विचारणाऱ्याला नव्या तंत्रज्ञानाचा विरोधक ठरवणं अन्यायाचं आहे. मला वाटतं, या दोन प्रश्नांची मुळं एकाच जागी आहेत. ती जागा खाणीत नाही आणि भंगाराच्या दुकानातही नाही. ती या दोन्हींनंतर लागणाऱ्या एका कारखान्यात आहे. तिथपर्यंत पायरी-पायरीने जाऊ.

बॅटरीत असतं तरी काय?

गाडीखाली जो जड चपटा खोका असतो, त्याला पॅक म्हणतात. त्याच्या आत शेकडो, कधी हजारो छोट्या बॅटऱ्या असतात, त्या म्हणजे सेल. पॅक किती मोठा, हे किलोवॅट-तासात सांगतात. हा शब्द अवघड वाटला तरी वीजबिलावरचं एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास. म्हणजे 30 किलोवॅट-तासांच्या पॅकमध्ये तीस युनिट वीज मावते. इथून पुढे मी युनिटच म्हणेन.

प्रत्येक सेलमध्ये दोन बाजू असतात आणि लिथियमचे कण त्यांच्यामध्ये ये-जा करतात. लोकलसारखं समजा. चार्जिंगला लावलं की सगळे एका टोकाला जाऊन बसतात, गाडी चालू लागली की परत दुसऱ्या टोकाला येतात. एका टोकाला बसायची जागा ग्रॅफाइटची असते, म्हणजे शिसपेन्सिलीत जो काळा पदार्थ असतो त्याची. दुसऱ्या टोकाला, ज्याला कॅथोड म्हणतात, दोन प्रकारचं सामान वापरतात. एका प्रकारात निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट असतं. दुसऱ्यात लोखंड आणि फॉस्फेट. पहिलीला आपण निकेलवाली म्हणू आणि दुसरीला लोखंडवाली. लिथियम दोन्हींत असतंच. वर्षं जातात तसे काही प्रवासी वाटेतच अडकून पडतात, बसायच्या जागा मोडतात, आणि बॅटरीत मावणारी वीज हळूहळू कमी होते.

आता वजनं पाहा. साठ युनिटच्या निकेलवाल्या बॅटरीत साधारण 50 किलो ग्रॅफाइट, 30 किलोच्या आसपास निकेल, 20 किलो तांबं, 35 किलो ॲल्युमिनियम, आठेक किलो कोबाल्ट आणि जेमतेम सहा किलो लिथियम असतं. जिच्या नावाने सगळी बॅटरी ओळखली जाते ती धातू अशी मूठभर. हे प्रमाण लक्षात ठेवा, पुढे दोनदा कामाला येणार आहे.

ऊस एकीकडे, कारखाना दुसरीकडे

लिथियमचं सर्वाधिक उत्पादन ऑस्ट्रेलियात होतं, तिथे ते दगडातून काढतात. चिलीच्या अटाकामा वाळवंटात जमिनीखालचं खारं पाणी मोठमोठ्या तळ्यांत वर्ष-दीड वर्ष सुकवून काढतात, आपल्या मिठागरांसारखं. कोबाल्टचा जगातला सुमारे 70 टक्के किंवा त्याहून जास्त वाटा एकट्या काँगोतून येतो. निकेलचा निम्म्याहून जास्त इंडोनेशियातून. यादीत चीन अजून आलाच नाही. मग सगळे चीनचं नाव का घेतात?

कोल्हापूर-सांगलीच्या शेतकऱ्याला हे मी सांगायची गरज नाही. शेतात ऊस कितीही उभा असो, तो साखर म्हणून विकता येत नाही. मध्ये कारखाना लागतो. गाळप ज्याच्या हातात, भाव त्याच्या हातात. खाणीतून निघालेला दगड बॅटरीत घालता येत नाही; त्याचं अत्यंत शुद्ध रसायन करावं लागतं, आणि हे गाळप जगात मुख्यतः चीनमध्ये होतं. लिथियमच्या शुद्धीकरणाचा सुमारे दोन-तृतीयांश वाटा, कोबाल्टचा तीन-चतुर्थांशाच्या आसपास आणि बॅटरीच्या ग्रॅफाइटचा 90 टक्क्यांहून अधिक. तयार सेलही तीन-चतुर्थांशाहून जास्त तिथेच बनतात. ऑस्ट्रेलियाचा बहुतेक दगडही जहाजात भरून तिकडेच जातो.

ही पकड आपोआप आलेली नाही. वीस-पंचवीस वर्षं चीनने यात पैसा ओतला, नफा कमी असताना, धूर आणि सांडपाणी सहन करून. इतर देशांना हे घाणीचं काम नको होतं. आता चीन ती पकड वापरतो आहे. डिसेंबर 2023 पासून ग्रॅफाइटच्या निर्यातीला परवाना लागू झाला. जुलै 2025 मध्ये लोखंडवाल्या बॅटरीचं कॅथोडचं सामान बनवण्याच्या तंत्रज्ञानावरही निर्यातबंधनं आली. म्हणजे साखर तर सोडाच, कारखान्याचा नकाशाही परवानगीशिवाय मिळणार नाही.

इंडोनेशियाने याला उत्तर शोधलं. जानेवारी 2020 पासून कच्च्या निकेलची निर्यातच बंद केली. माल हवा असेल तर कारखाना इथे घाला, असं सांगितलं. कारखाने आले, त्यांतले बहुतेक चिनी कंपन्यांचे. त्यासोबत ते चालवायला कोळशावरची वीजकेंद्रं आली आणि जंगल गेलं. काँगोनेही फेब्रुवारी 2025 मध्ये भाव फार पडले म्हणून कोबाल्टची निर्यात थांबवली आणि ऑक्टोबरपासून कोटा ठरवून दिला. तिथे हजारो माणसं हाताने खोदलेल्या विवरांत उतरून कोबाल्ट काढतात, त्यांत मुलंही सापडली आहेत. कोट्याने भाव वाढला तरी त्या विवरात उतरणाऱ्याच्या हाती किती पडतं, हा प्रश्न मला निर्यातीच्या आकड्यांपेक्षा मोठा वाटतो.

आपल्याकडे रियासीत सापडलं होतं, त्याचं काय झालं?

फेब्रुवारी 2023 मध्ये बातमी आली: जम्मूजवळच्या रियासीत 59 लाख टन लिथियम. वाहिन्यांवर जल्लोष झाला. पण 59 लाख टन हा लिथियमयुक्त दगडाचा, बॉक्साइटच्या थराचा अंदाज होता. त्याच वर्षी सरकारने लिलाव पुकारला तेव्हा आत असलेली लिथियम धातू 3,400 टनांहून थोडी जास्त असल्याचं म्हटलं होतं. साखरेच्या भाषेत बोलायचं तर उतारा पाऊण टक्काही नाही, 0.06 टक्के.

एका युनिटला साधारण 100 ग्रॅम लिथियम लागतं. तीस युनिटच्या गाडीला तीन किलो. शेवटचा ग्रॅमही निघाला तरी रियासीतून अकरा लाखांच्या आसपास गाड्या होतील. आणि तो निघणं सोपं नाही, कारण अशा थरातून लिथियम काढण्याची पद्धत व्यापारी पातळीवर अजून रुळलेली नाही. त्या लिलावाला पुरेसे बोलीदार मिळाले नाहीत, आणि मार्च 2024 मध्ये तो रद्द झाला. याचा अर्थ शोध थांबवावा असा नाही. अर्जेंटिनाच्या कातामार्का प्रांतात 'काबिल' या आपल्या सरकारी कंपनीने जानेवारी 2024 मध्ये पाच खाणपट्ट्यांचा करार केला, ते योग्यच झालं. पण तिथून लिथियम निघालं तरी गाळप कुठे करायचं, हा प्रश्न तसाच उभा राहतो.

मग जुन्याच बॅटऱ्या मोडून नव्या का करत नाहीत?

हा सगळ्यात शहाणा आक्षेप आहे. बॅटरीतली धातू जळून जात नाही. आजीच्या पाटल्या मोडून नातीचा हार करावा, तसं हे होऊ शकतं.

पण आजीकडे पाटल्या दोनच असतील आणि नाती पन्नास असतील, तर? 2012 मध्ये जगभरात सव्वा लाखाच्या आसपास इलेक्ट्रिक कार विकल्या गेल्या. 2024 मध्ये 1 कोटी 70 लाखांहून जास्त. कारची बॅटरी दहा-पंधरा वर्षं टिकते. म्हणजे आज मोडीत निघणाऱ्या बॅटऱ्या त्या सव्वा लाखांच्या काळातल्या आहेत आणि मागणी आजची आहे. सगळ्या परत आल्या, एक कणही वाया गेला नाही, तरी आजची गरज भागणार नाही. पुनर्वापराच्या कारखान्यांत सध्या जे येतं त्यात जुन्या गाड्यांपेक्षा सेल बनवताना वाया गेलेला मालच जास्त असतो.

शिवाय 70-80 टक्के क्षमता उरलेली बॅटरी गाडीला पुरली नाही तरी दुकानाच्या इन्व्हर्टरला किंवा सौरऊर्जा साठवायला आणखी काही वर्षं चालते. हे चांगलंच आहे. पण त्यामुळे ती मोडीत यायला आणखी उशीर होतो.

थोडक्यात, पुनर्वापर आजच्या टंचाईवरचं औषध नाही. 2035-40 च्या सुमाराला जेव्हा मोठी लाट परत येईल, तेव्हा ती झेलायला कारखाने उभे असावेत यासाठी तयारी आजपासून हवी.

काळ्या मसाल्यातून धणे परत काढायचे

इन्व्हर्टरची ॲसिडची बॅटरी भंगारवाला आनंदाने नेतो, पैसेही देतो. त्यात शिसं असतं, ते वितळवलं की पुन्हा शिसंच. म्हणूनच गावोगावी तिची भट्टी लागू शकली, आणि त्या भट्ट्यांच्या आसपासच्या मुलांच्या रक्तात शिसं गेलं, हेही विसरून चालणार नाही.

लिथियमच्या बॅटरीचं तसं नाही. आधी तिच्यातली उरलेली वीज पूर्ण काढून टाकावी लागते, नाहीतर कापताना आग लागते आणि आतल्या द्रवातून विषारी वायू निघतो. मग पॅक उघडायचा. प्रत्येक कंपनीची रचना वेगळी, कुठे स्क्रू, कुठे घट्ट डिंकाने चिकटवलेलं. हे काम अजून मोठ्या प्रमाणात माणसांच्या हातांनीच होतं. मग सेल यंत्रात भरडतात. तांबं, ॲल्युमिनियम, प्लास्टिक चाळून वेगळं होतं आणि मागे काळी पूड उरते. धंद्यात तिला ब्लॅक मास म्हणतात.

घरी काळा मसाला कुटून झाल्यावर कोणी म्हणालं, यातले धणे, खोबरं, दगडफूल परत वेगळं करून द्या, तर? काळ्या पुडीचं काम तसंच आहे. निकेल, कोबाल्ट, लिथियम, ग्रॅफाइट, सगळं एकजीव. ते वेगळं करण्याच्या दोन मुख्य वाटा आहेत. पहिली भट्टीची. प्रचंड उष्णता दिली की निकेल, कोबाल्ट आणि तांबं वितळून मिळतं, पण ग्रॅफाइट जळतं आणि लिथियम मळीत जातं. दुसरी वाट ॲसिडची. पूड विरघळवायची आणि एकेक धातू क्रमाने वेगळी करायची. यात लिथियमही हाती लागतं, पण रसायनं, पाणी आणि सांडपाण्यावरची प्रक्रिया, सगळ्याचा खर्च येतो.

आता सुरुवातीचा ऊस आठवा. भरडण्याचं यंत्र म्हणजे ऊसतोड. गाळप आहे ते या पुढच्या पायरीत. भरडणारे पुष्कळ, गाळप करणारे थोडे. रुरकीची अटेरो किंवा ग्रेटर नोएडाची लोहम अशा काही भारतीय कंपन्या शुद्धीकरणापर्यंत पोचल्या आहेत. पण आपल्याकडे भरडलेली बरीच काळी पूड शुद्धीकरणासाठी परदेशी जात आली आहे. इथल्या रस्त्यांवर पंधरा वर्षं फिरलेली धातू पुन्हा बाहेर जाणार आणि रसायन होऊन आपल्यालाच विकली जाणार.

ही पायरी किती अवघड आहे, ते कॅनडाच्या ली-सायकल कंपनीकडे पाहिलं की समजतं. भरडण्याची यंत्रं तिने ठिकठिकाणी बसवली होती. काळ्या पुडीचं शुद्धीकरण करणारा मोठा प्रकल्प न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला उभा राहत होता. खर्च हाताबाहेर गेला, ऑक्टोबर 2023 मध्ये काम थांबलं आणि मे 2025 मध्ये कंपनीने दिवाळखोरी संरक्षण मागितलं. त्याच काळात लिथियमचे भावही कोसळले होते. नोव्हेंबर 2022 मध्ये चीनच्या बाजारात लिथियम कार्बोनेट टनाला सहा लाख युआनच्या घरात होतं, दोन वर्षांच्या आत ते एक लाखाच्या खाली आलं. खाणीतला नवा माल एवढा स्वस्त झाल्यावर जुन्यातून काढलेला महाग माल कोण घेणार?

चांगली बॅटरी, पण मोडीत भाव नाही

या विषयातली मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट आता येते.

लोखंडवाली बॅटरी अनेक अंगांनी बरी. तिला कोबाल्ट लागत नाही, म्हणजे काँगोतल्या विवरांशी संबंध नाही. निकेल लागत नाही. आग लागण्याचा धोका तुलनेने कमी, आयुष्य जास्त, किंमत कमी. जगातल्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटऱ्यांमध्ये 2024 साली जवळपास निम्मा वाटा तिचाच होता. टाटांची नेक्सॉन ईव्ही आणि चाकणला बनणाऱ्या महिंद्राच्या नव्या इलेक्ट्रिक एसयूव्ही, दोन्हींत हीच बॅटरी आहे.

पण मोडीत काढणाऱ्याला पैसे मिळतात ते निकेल आणि कोबाल्टमधून. लोखंड आणि फॉस्फेटला काय भाव येणार? तांबं, ॲल्युमिनियम काढून झालं की उरतं मूठभर लिथियम आणि ग्रॅफाइट. ते काढण्याचा खर्च बऱ्याचदा त्याच्या किमतीपेक्षा जास्त. म्हणजे नवी घेताना जी सगळ्यात सोयीची, तीच जुनी झाल्यावर कुणाला नकोशी. आणि भारताच्या रस्त्यांवर येत्या काळात हीच सर्वाधिक असणार आहे. बाजारावर सोडलं तर तिच्यातलं तांबं काढून घेतील आणि बाकीचं कुठल्यातरी नाल्याच्या काठी पडेल. प्लास्टिकचं आपण हेच होऊ दिलं.

कायदा आहे, पण वजनाचा

म्हणून ही जबाबदारी बाजारावर सोडलेली नाही. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम ऑगस्ट 2022 मध्ये आले. जो बॅटरी बाजारात आणतो, त्यानेच ती परत गोळा करून मोडीत काढायची व्यवस्था करायची. जमिनीत पुरायची नाही, जाळायची नाही. इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीतलं 2026-27 पासून 90 टक्के साहित्य परत मिळवलं पाहिजे, आणि 2027-28 पासून नव्या बॅटरीत 5 टक्के पुनर्वापरातलं साहित्य असलं पाहिजे. 2030-31 पर्यंत ते 20 टक्क्यांवर जाईल.

हे नियम चांगले आहेत. पण ते 90 टक्के वजनाने मोजायचे आहेत. सुरुवातीचे आकडे पुन्हा पाहा. पोलाद, ॲल्युमिनियम, तांबं, ग्रॅफाइट यांचं वजन भारी, आणि लिथियम एक-दोन टक्के. वजनाचा आकडा गाठूनही लिथियम हातचं जाऊ शकतं. युरोपने हे ओळखून प्रत्येक धातूचं वेगळं लक्ष्य ठेवलं. लिथियम 2027 अखेर 50 टक्के आणि 2031 अखेर 80 टक्के परत मिळालंच पाहिजे. आपल्या नियमांतही धातूवार आकडे यायला हवेत, असं माझं ठाम मत आहे.

दुसरी काळजी प्रमाणपत्रांची. कंपनीने स्वतः मोडीत काढायचं नसेल तर मोडीत काढणाऱ्याकडून प्रमाणपत्र विकत घेता येतं. प्लास्टिकमध्ये अशीच पद्धत होती आणि 2023 मध्ये तिथे सहा लाखांच्या घरात बनावट प्रमाणपत्रं सापडली. बॅटरीत तसं होऊ नये म्हणून तिचा जन्मापासूनचा माग ठेवावा लागेल. युरोपात फेब्रुवारी 2027 पासून प्रत्येक गाडीच्या बॅटरीला डिजिटल पासपोर्ट सक्तीचा होतो आहे. आपल्याकडेही बॅटरीला आधारसारखा क्रमांक देण्याचा प्रस्ताव पुढे आला आहे. त्यात आतली रासायनिक रचना नोंदली गेली, तर मोडणाऱ्याला समोरची निकेलवाली की लोखंडवाली हे उघडण्याआधी कळेल.

गाळपाकडेही उशिरा का होईना, लक्ष गेलं आहे. 2025 च्या अर्थसंकल्पात लिथियम बॅटरीच्या भंगारावरचं आयात शुल्क काढलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये महत्त्वाच्या खनिजांच्या पुनर्वापरासाठी 1,500 कोटींची योजना मंजूर झाली. तिचे पैसे नुसत्या भरडणाऱ्या यंत्रांत न जाता शुद्धीकरणापर्यंत पोचले, तरच काळी पूड इथे थांबेल.

एवढं सगळं करण्यापेक्षा पेट्रोल काय वाईट?

गणित करून पाहा. वर्षाला 12 हजार किलोमीटर चालणारी आणि लिटरला 15 किलोमीटर देणारी गाडी वर्षात 800 लिटर पेट्रोल पिते, म्हणजे सुमारे 600 किलो. दहा वर्षांत सहा टन. ते जळून जातं, त्यातला एक थेंबही परत मिळत नाही. साठ युनिटच्या सेलमधलं सगळं साहित्य दोनशे किलोच्या आत, आणि दहा वर्षांनी ते खोक्यातच असतं.

परावलंबनातही फरक आहे. खनिज तेलाची 85 टक्क्यांहून जास्त गरज आपण आयातीवर भागवतो. तेल अडलं तर आज रस्त्यावर असलेली गाडी थांबते. लिथियम अडलं तर नवी गाडी बनायची थांबते, जुनी चालत राहते. चीनवरचं अवलंबन मी कमी लेखत नाही, ते खरं आणि मोठं आहे. पण त्यातून बाहेर पडायला वेळ मिळतो, तेलात तो मिळत नाही.

सोडियमची बॅटरी येतेय ना?

येते आहे, आणि त्यात पुण्याचाही हात आहे. केपीआयटी टेक्नॉलॉजीज या कंपनीने पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेसोबत काम करून डिसेंबर 2023 मध्ये आपलं सोडियम बॅटरीचं तंत्र जाहीर केलं. सोडियम मुबलक आहे, मिठातच आहे. पण तेवढ्याच विजेसाठी ही बॅटरी जड होते. त्यामुळे लांब पल्ल्याच्या कारपेक्षा रिक्षा, स्कूटर आणि सौरऊर्जेच्या साठवणुकीला ती जास्त शोभेल. मोडीत तिला भाव लोखंडवालीपेक्षाही कमी मिळेल, म्हणजे तिच्यासाठी कायदा आणखी कडक लागेल.

तुमच्याकडची बॅटरी

कारची लाट यायला वेळ आहे. स्कूटर आणि ई-रिक्षांची बॅटरी मात्र लवकर थकते, आणि चार-पाच वर्षांपूर्वी घेतलेल्या गाड्यांचे मालक आता दुकानदाराला विचारू लागले आहेत. कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये पॅक उघडून दोन-तीन जुन्या पॅकमधले बरे सेल एकत्र जोडून देतात. पैसे वाचतात हे खरं. पण वेगवेगळ्या वयाचे सेल एकत्र चार्ज झाले की कमजोर सेलवर ताण येतो आणि आगीची सुरुवात तिथून होते. हे करू नका, अगदी ओळखीच्या मेकॅनिककडूनही.

बॅटरीवर काट मारलेल्या कचरापेटीचं चिन्ह असतं. ते असलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात किंवा वजनावर भंगारात द्यायची नाही. ती परत घेणं गाडीच्या कंपनीचं काम आहे, तेव्हा नवी बॅटरी घेताना जुनी कुठे जाणार हे विचारा आणि जमा केल्याची पावती मागा. नोंदणीकृत पुनर्वापर केंद्रांची नावं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर असतात. बॅटरी फुगली असेल, चार्जिंगशिवाय गरम होत असेल किंवा पुराच्या पाण्यात बुडून निघाली असेल, तर दिसायला कोरडी असली तरी चार्जिंगला लावू नका. गाडी घरापासून लांब, मोकळ्या जागी उभी करा आणि सेवाकेंद्राच्या माणसाला तिथेच बोलवा.